साडेचार लाखांचा डॅक, नऊ हजारांचा डॅक आणि एक मल्टिमीटर

कोपऱ्यातली_खुर्ची

मित्र तीन महिन्यांसाठी जर्मनीला गेला आणि जाताना आपला डॅक माझ्याकडे ठेवून गेला. पावसाळा, घर बंद, आत बुरशी धरायला नको म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फाइलीतले किंवा सीडीवरचे आकडे घेऊन त्यांची विजेची लहर करणारा डबा म्हणजे डॅक. तुमच्या लॅपटॉपातही तो असतो, नखाएवढा. मित्राचा बारा किलोचा आहे, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेला. किंमत साडेचार लाख. माझा नऊ हजारांचा, साबणाच्या वडीहून जरा मोठा.

पहिल्या संध्याकाळी मल्लिकार्जुन मन्सूर लावले आणि खरं सांगतो, गार पडलो. तंबोरे मागे सरकले, गळा पुढे आला, पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू आला. बायकोला हाक मारली. ती दारातूनच म्हणाली, "हो, मोठं वाटतंय." मला 'भव्य' ऐकू आलं. ती 'मोठं' म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी ६० हर्ट्झचा सूर दोन्हींतून वाजवला आणि मल्टिमीटर लावला. (स्वस्त मीटर वरच्या पट्टीत थापा मारतं, ५०-६० हर्ट्झला विश्वासू असतं.) माझा डॅक २.०२ व्होल्ट, मित्राचा २.२६. म्हणजे जवळजवळ १ डेसिबलचा फरक. गंमत अशी की एवढासा फरक 'मोठा' म्हणून कळत नाही, 'सरस' म्हणून कळतो. लॅपटॉपवरून पातळी सारखी केली, पुन्हा मन्सूर लावले. तंबोरे जागच्या जागी परत.

तर माझं मत: नीट बांधलेल्या दोन डॅकच्या आवाजात फरक नसतो. साडेचार लाख जातात ते डब्याला, नावाला आणि विकणाऱ्याच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याला. हाणा आता.

जवारी

खुर्चीबुवा, पहिल्या दिवशी ऐकलंत, दुसऱ्या दिवशी मोजलंत आणि लगेच निकालही दिलात. आपल्याकडच्या कोर्टांनी तुमच्याकडून शिकावं.

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीत कधी गेलात तर तंबोऱ्याची जवारी (घोडी घासून तारेत आणलेला झणकार) काढताना जवळ बसून बघा. कारागीर घोडीच्या माथ्यावर कानस फिरवतो, इतकी हलकी की भुगाही दिसत नाही. तार छेडतो, मान कलती करतो, पुन्हा एक हात कानस. मग तारेखालचा दोरा सरकवतो, केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तो येतो आणि नुसत्या खर्जाच्या तारेतून गंधार वर येतो, कोणी न छेडलेला. कानसीचा एक हात जास्त पडला की तंबोरा बसतो. हे सगळं कानावर. त्या माणसाच्या हातात तुमचं मल्टिमीटर दिलंत तर तो ते खिडकीत ठेवून चहा सांगेल.

आणि दुसरं. इकडचं पाच सेकंद, तिकडचं पाच सेकंद, याला ऐकणं म्हणत नाहीत. ख्याल पाऊण तासाचा असतो. माझ्याकडे आधी जो स्वस्त डॅक होता त्यावर मी वीस मिनिटांत उठायचे, काहीतरी टोचायचं. आता तासभर हलत नाही. हे कोणत्या मीटरवर दिसतं?

मीटरवाली

मधल्या काळात खुर्ची बदललीत का? (ह. घ्या.)

जवारीताई, तुमचं उदाहरण फार सुंदर आहे, पण ते तुमच्याच अंगावर येतं. कारागीर सूर घडवतो. डॅकला घडवायचं नसतं. त्याचं काम पोस्टमनचं: मिरजेहून निघालेलं पत्र न उघडता पुण्यात टाकायचं. पत्रात दोन गोड ओळी घालणारा पोस्टमन तुम्हाला चालेल का?

शिवाय जवारी मोजता येते की. खर्जाचा सूर ६५ हर्ट्झला धरला तर तुमचा न छेडलेला गंधार त्याच्या पाचपटीला, ३२५ च्या आसपास उभा असतो. दोरा सरकला की तो आणि वरचे भाऊबंद कित्येक डेसिबलनी उचलले जातात. आलेखात ढळढळीत दिसतं. आता हल्लीच्या चांगल्या नऊ हजारी डॅकची स्वतःची भेसळ बघा: मूळ आवाजाच्या सुमारे ११० डेसिबल खाली, म्हणजे तीन लाखांत एक भाग. शांत म्हणावी अशी खोलीच ३० डेसिबलची असते, आणि आपल्या खोल्यांत पंखा तीनवर, खाली भंगारवाला. सीडीवर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं, ते त्या ३० च्या वर पूर्ण मांडायचं म्हटलं तर सर्वांत मोठा आवाज १२६ डेसिबलला जाईल. तिथं गाणं ऐकत नाहीत, कान झाकतात.

माझा धंदा मोजण्याचा आहे म्हणून मीटरवर माझा विश्वास, असं समजू नका. मी कानावरही ठेवते, फक्त डोळे झाकून. २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत हेच केलं. सुपर ऑडिओ सीडीच्या (सीडीहून वरच्या दर्जाची डिस्क) वाटेत एक साधा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे साध्या सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला: लहरीचे आकडे, आकड्यांची परत लहर. तो टप्पा कधी आत, कधी बाहेर. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच येतात.

भजीप्लेट

मी फक्त बसायला आलोय. कांदाभजी कोणाला?

मखमल

अर्धी गोष्ट सांगायची मीटरवाल्यांची सवय जुनी आहे. मेयर-मोरान यांच्यावर तेव्हाच आक्षेप आला होता की त्यांच्या काही डिस्कांवरचं मूळ रेकॉर्डिंगच सीडीच्या वर जाणारं नव्हतं. जिथं फरक नाही तिथं सापडणार कुठून? आणि २०१६ सालचा रीस यांचा निबंध का विसरलात? १८ अभ्यास, १२ हजारांवर चाचण्या एकत्र केल्या. सरासरी ५२.३ टक्के बरोबर. कान शिकवलेल्यांची ६० च्या आसपास. थोडं आहे, पण योगायोग नाही.

माझ्याकडे जो डॅक आहे त्याची किंमत सांगत नाही, खुर्चीसाहेबांच्या मित्राला कमीपणा वाटेल. कॉर्ड कंपनीसाठी डॅक आखणारा रॉब वॉट्ससारखा माणूस तयार चिप बाजूला ठेवून स्वतःचा फिल्टर एफपीजीएत (हवी तशी घडवता येणारी कोरी चिप) लिहितो, कॉर्डच्या डेव्ह या डॅकमध्ये १,६४,००० टॅपपर्यंत (फिल्टरच्या गणितातल्या पायऱ्या) जातो, पुढे एम-स्केलरमध्ये दहा लाखांपर्यंत. केंब्रिजची डीसीएस कंपनी रिंग डॅक ही आपली स्वतःची रचना घेऊन वर्षानुवर्षं बसली आहे. ही माणसं काय हौशी खुळी आहेत?

माझ्या टोपणनावाचं कारणही सांगतो. जपानच्या एकेएम कंपनीचं घोषवाक्यच मखमली आवाजाचं. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचा नोबेओकाचा चिप कारखाना जळाला, कितीतरी डॅकवाल्यांना रातोरात दुसऱ्यांच्या चिपा शोधाव्या लागल्या. तेव्हा जुन्या चिपेचे डॅक हुडकत बाजार पालथा घालणारे आम्ही काय वेडे होतो?

आणि पैशांचं म्हणाल तर पैठणी साध्या सुती साडीपेक्षा अंग जास्त झाकते का, असं कोणी विचारतं?

भजीप्लेट

शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो.

मीटरवाली

पैठणीला शंभर पैकी शंभर! पण येवल्याचा पैठणीवाला असं कधी म्हणत नाही की ही नेसल्यावर ऐकू जास्त येतं. तुम्ही घेतलात, आवडला, दिसतो छान, बटण रेशमासारखं फिरतं, हे सगळं मान्य. भांडण फक्त 'आवाज निराळा' या दोन शब्दांशी आहे.

रीस यांचे आकडे बरोबर दिलेत, पण ते सीडीचा दर्जा विरुद्ध त्याहून वरचा दर्जा याबद्दल आहेत. एकच फाइल दोन डॅकमधून, याबद्दल नाहीत. फळ तेच, पण झाड वेगळं.

आणि कान शिकवलेल्यांबद्दल बोलायचं तर मोबाइल फिडेलिटीची गोष्ट आठवा. ही अमेरिकन कंपनी महागड्या एलपी तबकड्या काढते, टेपवरून थेट, मधे आकड्यांचा स्पर्श नाही अशी तिची ख्याती. २०२२ च्या जुलैत कळलं की २०११ पासून त्यांच्या पुष्कळ तबकड्यांच्या वाटेत डीएसडी नावाच्या पद्धतीची डिजिटल पायरी होती. दहा-अकरा वर्षं जगातले सर्वांत चिकित्सक कान त्या तबकड्या ऐकत होते, डिजिटल आवाजाला नाकं मुरडत होते आणि याच तबकड्यांची उबदार म्हणून तारीफ करत होते. कान कोणाचेच खराब नव्हते. त्यांना आधी सांगितलं होतं काय ऐकायचं ते.

वऱ्हाडी_वायर

भाऊ, तुमी टॅप मोजून राह्यले, माह्याकडे साधी गोष्ट झाली ते सांगतो. लॅपटॉपला चार्जर लावला का स्पीकरमधून घूंऽऽ. माउस हलवला का चिर्र. लॅपटॉपच्या धातूवर बोट ठेवलं का झिणझिण्या. दोन पिनांचा चार्जर, अर्थिंगच नाही, मंग सारा कचरा यूएसबीच्या तारेतून डॅकात आन् तिथून ॲम्पात. नागपुरातल्या एका दुकानात विचारलं. तो म्हणे डॅकच हलका आहे साहेब, हा घ्या, नव्वद हजार. घरी आणून लावून पाहिला तर खरंच चूप! त्याच्या आत यूएसबीची वीज बाकीच्यापासून तोडलेली राहते ना.

पैसे देणारच होतो, तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, ॲम्प अन् डॅक इन्व्हर्टरवर. जुना डॅक लावून पाहिला, तोबी चूप. मंग लॅपटॉप टीव्हीला जोडला आन् टीव्हीतून निघणारी ऑप्टिकल तार जुन्या डॅकला लावली. तिच्यातून उजेड जाते, वीज जात नाही, कचरा कायचा येते? तीनशे रुपये लागले. आजपर्यंत चूप आहे.

तर फरक राहतो, मी म्हणतो राहतोच. काहून राहतो ते पाहा.

मीटरवाली

हा आजचा सर्वांत उपयोगी प्रतिसाद. ज्यांना दोन डॅकमध्ये 'काळीकुट्ट शांतता' वगैरे ऐकू येते त्यांतल्या निम्म्यांच्या घरी हेच असणार. जाता जाता प्लेअरबद्दल: विंडोजचा मिक्सर सगळ्या आवाजाला एकाच दरात कोंबतो, तुमची ४४.१ ची फाइल बहुधा ४८ ची होते. प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड (मिक्सरला वाटेतून काढणारा) लावा आणि विसरा. त्यापुढे एका प्लेअरचं गाणं दुसऱ्याहून 'मोकळं' वाटणं म्हणजे तीच पोथी दुसऱ्या चष्म्याच्या घरातून काढल्यासारखं आहे.

दादरचा_डेक

तुम्ही सगळे पोरवयाचे दिसता. १९८२ मध्ये सोनीने पहिला सीडी प्लेअर आणला तो १६ बिटांचा. फिलिप्सकडे तेव्हा १४ बिटांचीच चिप होती, टीडीए १५४०. त्यांनी काय डोकं लढवलं? आकडे चौपट वेगाने फिरवले (हेच ओव्हरसॅम्पलिंग) आणि चुकांचा गोंधळ कानाच्या पलीकडे ढकलला. १४ बिटांत १६ चं काम. याला म्हणतात कारागिरी. मग आली टीडीए १५४१. ती आजही लोक डोळ्यांत तेल घालून शोधतात.

माझ्याकडे त्या चिपेचा जुना प्लेअर आहे, माळ्यावर पडला होता. लॅमिंग्टन रोडवरून कपॅसिटर आणले, आत एसएए ७२२० नावाची फिल्टरची चिप असते तिला वाटेतून बाजूला केलं. आता आकडे थेट टीडीएत. ओव्हरसॅम्पलिंग नाही, टॅप शून्य. मखमलराव, दहा लाखांच्या समोर शून्य! आणि काय गोड वाजतो. लता, माणिक वर्मा, काहीही लावा. ज्याला पटत नाही त्याने या.

मीटरवाली

डेककाका, हा एकच डॅक या अख्ख्या चर्चेत असा आहे की तो मला झाकल्या डोळ्यांनी ओळखता येईल, मी पैज लावते. फिल्टर काढला की वरची पट्टी उतरायला लागते. गणित सरळ आहे: १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, १५ ला १.७, २० ला ३ च्या वर. शिवाय कानाच्या पलीकडे मूळ सुरांच्या आरशातल्या प्रतिमा तशाच बाहेर पडतात. तुम्ही ज्याला गोड म्हणताय ती टोन कंट्रोलची घुंडी आहे, डावीकडे जराशी फिरवलेली.

दादरचा_डेक

असेल. माझी घुंडी, माझे कान.

जवारी

थांबा. इतकं बोलणं झालं, तर करूनच बघूया का? मला पुढच्या आठवड्यात पुण्यात काम आहे. खुर्चीबुवा, तुमच्याकडे जमतं का? डेककाकांनी प्लेअर आणावा. मखमलरावांनी नुसतं यावं, त्यांचा डॅक उचलायला चार माणसं लागतील.

मखमल

मी अनोळखी ॲम्पवर, अनोळखी खोलीत, परीक्षेला बसल्यासारखं ऐकत नाही. दडपणाखाली कान बंद होतात. तुमचं चालू द्या.

मीटरवाली

जमवत असाल तर दोन गोष्टी. पातळी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळवा. आणि मोठ्या फिल्टरच्या डॅकला आवाज बाहेर काढायला काही मिलिसेकंद जास्त लागतात. वाजत असताना स्विच फिरवलात तर त्या 'टक' वरूनच ओळखाल. मधे दोन-तीन सेकंद थांबवून मग सुरू करा. १६ फेऱ्या घ्या. १२ किंवा त्याहून जास्त बरोबर आली तर मी गप्प बसेन. तेवढी नुसत्या नशिबाने यायची शक्यता शंभरात चारहून कमी.

कोपऱ्यातली_खुर्ची

झालं एकदाचं. रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मधे साबुदाण्याची खिचडी. पंखा बंद होता, त्यामुळे सगळे घामाघूम.

मांडणी अशी: तीन डबे पलंगाच्या चादरीमागे, बायको चादरीच्या पलीकडे नाणं घेऊन. छापा आला तर माझा डॅक, काटा आला तर दुसरा. तिनं कोणाशी बोलायचं नाही, खोकायचं नाही. तीन माणसं ऐकणारी: जवारीताई, डेककाका आणि माझी सतरा वर्षांची मुलगी, जिला या सगळ्यात शून्य रस होता आणि जी शंभर रुपये घेऊन बसली.

आधी साडेचार लाख विरुद्ध नऊ हजार. जवारीताईंनी त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेला तंबोरा आणला होता. १६ पैकी ९. डेककाका ७. मुलगी ८. जवारीताईंनी चौथ्या फेरीनंतर डोळे उघडून "आता येतंय, आता कळतंय" म्हटलं होतं, आणि पुढच्या पाचांत तीन चुकल्या. हे त्यांनीच लिहायला सांगितलं आहे.

मग डेककाकांचा प्लेअर विरुद्ध माझा डॅक. त्याला फाइल देता येत नाही म्हणून तीच रेकॉर्डिंगं सीडीवर जाळून घेतली. ६० हर्ट्झला दोघे तंतोतंत. वारकरी भजन लावलं, टाळांचं. डेककाका ९. जवारीताई १३. मुलगी १५! आणि तो पंधराचा आकडा मी वाचून दाखवेपर्यंत ती मोबाइल बघत होती. विचारलं कशावरून ओळखलंस, तर म्हणाली, "त्यात टाळ दमलेले वाटतात." डेककाकांचं वय अडुसष्ट. त्यांच्या कानाला १० किलोहर्ट्झच्या वरचं फारसं पोचतच नसणार, म्हणजे घुंडी डावीकडे फिरवली काय आणि उजवीकडे काय. हे मी त्यांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "मग मला गोड का लागतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी तो प्लेअर स्वतः सोल्डर केलाय, एवढंच मला दिसत होतं.

माझं पहिलं वाक्य मी मागे घेत नाही, पण त्यातल्या 'नीट बांधलेल्या' या दोन शब्दांवर आता जास्त भार आला आहे. ओळखू आला तो एकच डबा, आणि तो सगळ्यांत जास्त चुकणारा.

जवारी

मी ९ वर आले ते मान्य, वाद घालत नाही. मखमलरावांसारखं दडपणाचं कारणही देणार नाही, खिचडी खाऊन निवांत बसले होते.

पण एक गोष्ट खुर्चीबुवांनी लिहिली नाही. संध्याकाळी चादर काढल्यावर, सगळं माहीत असताना, मी तिन्ही डब्यांवर माझा तंबोरा वीस-वीस मिनिटं ऐकला. मला डेककाकांचा सर्वांत आवडला. चुकतो तोच. वर जरा मऊ पडतो आणि दोऱ्याचा करकरीतपणा जातो. मिरजेत आम्ही कधीकधी मुद्दाम जवारी थोडी बंद ठेवतो, गायकाचा आवाज पातळ असेल तर. ती चूक नसते. तर पोस्टमननं मधे दोन ओळी घातल्या हे खरं, पण अक्षर चांगलं होतं.

मीटरवाली

१३ म्हणजे मी गप्प. तुमचे कान पक्के आहेत, ते कोणत्या डब्याकडे वळले एवढंच गमतीचं. टोन कंट्रोल आवडणं हा गुन्हा नाही, साडेचार लाखांहून खूप स्वस्तही आहे.

मखमल

एका ॲम्पवर, एका खोलीत, तीन माणसं. आणि यावरून निष्कर्ष!

वऱ्हाडी_वायर

तुमी या ना मंग, खिचडी उरली असंन.

दादरचा_डेक

मखमलराव, पुढच्या वेळी दादरला करू. लिफ्ट आहे. वजनाची काळजी नको.

कोपऱ्यातली_खुर्ची

मित्र बुधवारी परत येतोय, डॅक न्यायला. जवारीताई, तंबोऱ्याची फाइल ठेवून गेलात त्याबद्दल आभार, रोज झोपताना लावतो. कोणत्या डॅकवर ते विचारू नका. मोठ्याच्या बटणाला फिरताना एक जडसर, तेलकट अशी ओढ आहे, आणि ते सोडून जाणार म्हणून आत्तापासूनच चुटपुट लागली आहे.